शिळं पाणी

बेगमपुऱ्यात नळाला पाणी यायचा वार ठरलेला असतो, आणि तो कधीच पाळला जात नाही. मंगळवारचं पाणी बुधवारी येतं, बुधवारचं शुक्रवारी, आणि मधल्या दिवसांत गल्लीतली माणसं जयभीम-सलाम करायच्या आधी एकमेकांना "पाणी आलं का?" विचारतात. गावाच्या नावाची पाटी बदलली, नळ होता तसाच राहिला. पण एक रिवाज गल्लीत सगळ्यांचा सारखा आहे. नळ आला अशी हाक उठली की आधी घरातलं जुनं पाणी फेकायचं. आठवडाभर ज्याचा थेंब न् थेंब जपला, ते पाणी नवं येतंय म्हटल्यावर एका क्षणात शिळं होतं. मग पिंपं पालथी होतात, नाली भरून वाहू लागते आणि ओट्यावर बसलेली म्हातारी माणसं पाय वर घेतात.

या कामात रूपाबाई साळवेंचा हात धरणारं गल्लीत कोणी नव्हतं. त्यांच्या अंगणात सिमेंटचा हौद होता, कमरेइतका उंच. हाक ऐकू आली की रूपाबाई आधी बोटाच्या पेराने हौदाच्या भिंतीवर दोनदा ठोकायच्या, पाणी कुठवर आहे ते आवाजावरून कळायचं. मग पदर खोचून, हात खांद्यापर्यंत आत घालून तळाच्या भोकातला चिंध्यांचा बोळा उपटायच्या. पाणी गेलं की स्वतः आत उतरून काथ्याने हौद घासायच्या. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून उभा जन्म गेलेला. शिळ्या पाण्यात ताजं पाणी घालणं म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणं, असं त्या म्हणत.

त्यांचे यजमान कडुबा साळवे बाजूला उभे राहून दर खेपेला तेच बोलत. "अगं, अर्धा हौद पाणी आहे, राहू दे."

"तुमाला काय कळतंय? पाणी शिळं झालं का त्यात जीव धरत्यात."

सगळी गल्ली कडुबांना सर म्हणायची. नागसेनवनातल्या कॉलेजात त्यांनी निवृत्तीपर्यंत तत्त्वज्ञान शिकवलं. पहिल्या वर्षाच्या पोरांना हा विषय म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, पण सरांचा एक तास मात्र सगळ्यांच्या लक्षात राहायचा. तो मोळीचा तास. "मोळी म्हणजे काय?" सर विचारायचे. "लाकडं. एकेक लाकूड काढून घ्या. शेवटी मोळी म्हणून वेगळं काही उरतं का? नाही. माणूसही तसाच. रंग, आवाज, चाल, सवयी, राग. हे सगळं काढून घेतलं की ज्याचे हे गुण, तो कोणी मागे उरत नाही. गुणांच्या मोळीलाच आपण नाव ठेवतो." ज्यांना वाटे की गुणांना कोणीतरी धनी लागतोच, सर फळ्यावर त्यांची चांगली खोड मोडायचे, आणि खडूची धूळ छातीत जाऊन खोकायचे.

हे एकदा त्यांनी रूपाबाईंना स्वयंपाकघरात ऐकवलं. रूपाबाई फुलंब्रीकडच्या. लहानपणी डोक्यावरून मोळ्या वाहिलेल्या. पीठ मळता मळता म्हणाल्या, "दोरी उरती की. मोळी काय हवेत बांधत्यात?"

सर हसले. पुढं मात्र कधी त्यांनी तो विषय घरात काढला नाही.

थंडीच्या दिवसांत रूपाबाई गेल्या. आदल्या दिवशी पाणी आलं होतं, हौद घासून भरला होता. दुपारी चहा पिऊन जरा आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. मुलगी निशा पुण्याहून आली, नातेवाईक आले, आणि जलदान विधीच्या दिवशी बौद्धाचार्यांनी सांगितलं तसं सरांनी आणि निशाने मिळून तांब्यातलं पाणी वाटीत ओतलं. वाटी भरून वाहिली, पाणी खालच्या परातीत साचत गेलं, आणि मृताला पुण्य पोचो असं सगळे म्हणाले. मग ते पाणी झाडाच्या मुळाशी घालायचं असतं.

सर परात घेऊन बाहेर आले. गल्लीतला लिंब रस्त्याच्या कामात तुटलेला. दारातल्या कुंडीत नुसती माती. नळाला पाणी येऊन बरेच दिवस झाले होते आणि घरात पाहुणे होते. इतकं स्वच्छ पाणी सिमेंटवर ओतायला सरांचा हात होईना. रूपाने बघितलं असतं तर बोलली असती, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांनी परात हौदात रिकामी केली.

पाहुणे गेले. निशा गेली. घर एवढं मोठं आहे हे सरांना पहिल्यांदाच कळलं.

त्यानंतर नळ आला तेव्हा त्यांनी बोळा काढला नाही. ते पाणी रूपाच्या हातचं होतं. ते अर्धं उरलं असताना वर नवं भरलं, पुढच्या वेळी पुन्हा अर्ध्यावर भरलं. सरांनी मनाशी हिशेब मांडला होता की हौद पुरता रिकामा केला नाही तर तिच्या हातचं पाणी थोडं थोडं का होईना, कायम राहणार. हा हिशेब त्यांनी निशालाही सांगितला नाही. तत्त्वज्ञानाच्या मास्तराने असलं काही बोलावं याची त्यांना लाज वाटली.

पहिल्यांदा आला तो वास.

सकाळी पेला तोंडाला लावला आणि लवंगेचा वास आला. रूपाबाईंची दाढ दुखायची आणि नर्स असून त्या दाढेच्या डॉक्टरला भ्यायच्या, म्हणून गालात कायम लवंग. सरांनी पेला घासला. मसाल्याचा डबा पाहिला, लवंगा केव्हाच संपलेल्या. हौदाचं झाकण उघडलं. पाणी स्वच्छ, थंड, तळाचा बोळा दिसावा इतकं नितळ. वाकून पाहिल्यावर वास वाढला.

वास आहे आणि वासाची धनीण नाही, सरांच्या मनात आलं.

ते घाबरले नाहीत. वडिलांनी दीक्षा घेतली त्या दिवशीच घरातले देव आणि भुतं एकाच गाठोड्यात बांधून बाहेर काढली होती. दुःखात मेंदू असे खेळ करतो हे त्यांनी वाचलेलं होतं. आणि खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटलं. घरात कोणीतरी नुकतंच बोलून आत गेलंय, असं त्या वासाने वाटायचं. पिण्याच्या पाण्याचा जार टाकायला येणाऱ्या गोकुळला त्यांनी दारातूनच परत पाठवलं.

"सर, हौदाचं पिऊ नका, पोट बिघडंल," गोकुळ म्हणाला.

"लई गोड आहे," सर म्हणाले. आणि आपण 'लई' कधीपासून म्हणायला लागलो, याचं त्यांना जरा नवल वाटलं.

मग ठोकणं आलं. दुपारच्या उन्हात गल्ली सामसूम असताना हौदाच्या भिंतीवर दोन टिचक्या. सर बाहेर जाऊन पाहत, कोणी नसे. काही दिवसांनी ते पाहायला जाणं सोडून आतूनच म्हणू लागले, "अर्ध्याच्या वर आहे गं." बोलायला माणूस नसलं की माणूस कशाशीही बोलतो. निशाचा फोन आठवड्यातून एकदा येई, आणि मधल्या काळात घरात तेवढाच एक आवाज.

आता सर वाट पाहू लागले. वास आला, टिचकी आली. कामात तिचं गाणं गुणगुणणं राहिलंय, दाराशी थबकून चपला जुळवण्याची सवय राहिलीय, चिडली की 'हं' म्हणणं राहिलंय. त्यांच्याच शिकवणीप्रमाणे रूपा म्हणजे याहून वेगळं काही नव्हतं. मग सगळी लाकडं परत गोळा झाली तर ती रूपाच नाही का? चाळीस विद्यार्थ्यांसमोर त्यांनी हा प्रश्न हसत टाकला असता. रिकाम्या अंगणात तो त्यांनी हात जोडल्यासारखा विचारला.

शेजारी फहमिदा राहायची. तिच्या सासूबाईंना सगळे अम्मी म्हणत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले, दिवसभर ओट्यावर बसून असायच्या आणि येणारं-जाणारं माणूस आवाजावरून ओळखायच्या. सर रोज सकाळी दूध आणायला निघत, ओट्याजवळ खोकत, आणि अम्मी म्हणत, "निकले क्या, सर?" सर म्हणत, "निघालो, अम्मी." वर्षानुवर्षं एवढंच बोलणं.

उन्हाळा लागला तेव्हाची गोष्ट. सर ओट्याजवळून चालले होते. अम्मींनी मान वर केली.

"रूपा, पानी आया क्या गे?"

सरांचे पाय थांबले. फहमिदा आतून धावत आली. "माफ करा हां सर. अम्मी की बातां पे मत जाव. आजकल त्यांना काय बी वाटतं."

सर खाली बसले. म्हणाले, "अम्मी, मी आहे. सर."

अम्मी बोळक्या तोंडाने हसल्या. "सर की खांसी पैचानती मैं. सर तो आज निकलेच नहीं." मग नाक जरा पुढं करून, "लौंग है क्या तेरे पास? दे ना एक."

सर दूध न घेताच घरी आले. दार लावून खोकायचा प्रयत्न केला. घशातून नुसता आवाज निघाला, लहान मूल नक्कल करतं तसला. तीस-पस्तीस वर्षं छातीत बसलेला खोकला नव्हता. कधीपासून नव्हता हेही त्यांना सांगता आलं नसतं.

मग एकेक दिसू लागलं. चहात साखर घालणं सुटलं होतं. साखरेशिवाय चहा रूपा प्यायची. वाचायच्या चष्म्यावर धूळ होती आणि तरी पेपर वाचून होत होता. रूपाला चष्मा कधी लागला नव्हता. दाराशी चपला जुळवलेल्या होत्या. त्या रूपाने जुळवल्या असं समजून त्यांनी आठवडाभर आनंद मानला होता. आता उंबऱ्याशी उभं राहून त्यांनी पाहिलं, तर त्यांचाच पाय चपला जुळवत होता.

त्यांच्या डाव्या मनगटावर चिंचोक्याएवढा भाजल्याचा डाग होता. सिरिंजा उकळायच्या काळात रूपाला तो पडलेला. त्यांनी तो साबणाने घासला. मग घासायचं थांबवून त्यावर अंगठा ठेवला.

निशाचा फोन आला तेव्हा दुपार होती.

"हॅलो," सर म्हणाले.

पलीकडून अगदी हळू, "आई?"

"निशा, मी बोलतोय."

"पप्पा कुठं आहेत?" ती रडायला लागली होती. "कोण बोलतंय? पप्पांना द्या."

सरांनी घसा खाकरला, जमेल तेवढा आवाज जाड केला, आणि सर्दी झालीय असं सांगितलं. निशाने विश्वास ठेवला की नाही कोण जाणे. डोळे पुसल्यासारखी थांबली आणि म्हणाली, "मी शनिवारी येते. फहमिदाकाकूंनी सांगितलंय मला, तुम्ही तो हौद उपसत नाही. आल्या आल्या आधी तो रिकामा करू. आणि मग तुम्ही माझ्याबरोबर पुण्याला यायचं. एकटं राहायचं नाही."

"बरं," सर म्हणाले.

फोन ठेवून ते अंगणात आले. ऊन तापलेलं होतं, हौदाची भिंत मात्र गार. तिला पाठ लावून ते बसले.

आतून कोणीतरी खोकलं.

कोरडा, खडूचा खोकला. दोन ठसके आणि मग एक लांब. सरांनी तो इतक्या जवळून कधी ऐकला नव्हता. स्वतःचा खोकला आपल्याला बाहेरून ऐकायला मिळत नाही.

आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही. तिचं जे जे वर आलं, त्याच्या जागी त्यांचं काहीतरी आत उतरलं होतं. पेल्यापेल्याने. सगळी लाकडं होती, आणि बांधायला दोरी लागली होती ती त्यांचीच. रूपाने पीठ मळता मळता सांगितलं होतं, आणि ते हसले होते.

त्यांनी उठून हात पाण्यात घातला. बोटं बोळ्याला लागली. आता ओढला तर पाणी जाईल, रूपा जाईल. खोकला परत येईल कदाचित. शनिवारी निशा येईल, पुण्यात तिच्या तिसऱ्या मजल्यावर एक खाट असेल, सकाळी बिनसाखरेचा चहा नकोसा होईल. आणि लवंगेचा वास पुन्हा कधी येणार नाही.

सर रडले. सांत्वनाला आलेल्या माणसांसमोर ते रडले नव्हते. त्यांना रूपा हवी होती. कुठल्याही भावात, कोणाच्याही अंगात, अगदी स्वतःच्याही. 'मी' असा कोणी नसतोच हे जन्मभर शिकवलेल्या माणसाने आता कुणाला वाचवायचं होतं?

त्यांनी बोळा तळहाताने आणखी आत दाबला. तांब्या भरून घेतला आणि उभ्या उभ्या प्यायले.

"ये," ते म्हणाले. आवाज तिचाच होता, त्यामुळे तीच त्यांना बोलावतेय असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फहमिदाने हाक दिली. "पानी आया! पानी आया!"

गल्लीत पिंपं उलटू लागली.

सर पलंगावरून उठले. गुडघे दुखले नाहीत. हात आपोआप कमरेशी गेला आणि नसलेला पदर खोचून आला. दाराशी चपला जुळल्या. गालात लवंग होती, तोंडात तिचा तिखटपणा पसरत होता, आणि ओठांवर तिचं जुनं गाणं होतं, शब्दांशिवायचं. चिडली की म्हणायची ते 'हं' पण आलं. सगळं आलं. सुखाने त्यांचे डोळे भरले.

बोटाच्या पेराने हौदावर दोनदा ठोकलं.

अर्ध्याच्या वर.

मग हात खांद्यापर्यंत पाण्यात गेला.

तेव्हा सरांच्या लक्षात आलं की एक सवय त्यांनी मोजलीच नव्हती.

त्यांनी हात मागे ओढायचा प्रयत्न केला. ओढायला काही हाताशी नव्हतं. बोटं तळाशी पोचली होती, सराईत, कामाची बोटं, बोळ्याच्या चिंध्या चिमटीत धरणारी.

"अगं, अर्धा हौद पाणी आहे," हौदातून कोणीतरी म्हणालं. "राहू दे."

"शिळं झालंय," वरून तोंड म्हणालं, मायेनं, दर खेपेसारखंच.

बोळा निघाला.

पाणी अंगणातून नालीत आलं. फहमिदाचं, पलीकडच्यांचं, सगळ्या गल्लीचं शिळं पाणी त्यात मिसळलं आणि उताराने वाहू लागलं. मागे हौदात काथ्या घासल्याचा आवाज सुरू झाला.

पाण्याचा आवाज जवळ आला तशा ओट्यावरच्या अम्मींनी पाय वर घेतले. नाली भरून त्यांच्यासमोरून चालली होती. अम्मींनी कान दिला, ओळखीचं हसल्या, आणि वाहत्या पाण्याकडे तोंड करून म्हणाल्या,

"निकले क्या, सर?"